माझ्याच्यानं मोडणार नाही असं दार

— नाही नाही काका, खिळे नकोत, स्क्रूच मारा, आणि तेही हाताने, पेचकसाने पिळून — ते मशीन पिशवीतच राहू द्या. वेळ लागेल? लागू दे की. संध्याकाळपर्यंत झालं म्हणजे झालं. हिचा भाऊ टॅक्सीत बसवून देणार आहे दोघींना, बायकोला आणि पोरीला, त्या येऊन उतरायच्या आत दार लागलेलं असलं म्हणजे मी सुटलो. आणि कुठे ठोकायचंच असेल तर आधी सांगायचं. ‘ठोकतो’ म्हणायचं, मी मान हलवली की मग ठोकायचं. हसताय? हसा, हसा, तुमच्या हसण्याचा त्रास नाही, तुमचं हसणं मिशीतल्या मिशीत आहे. सगळ्यांना आधी गंमतच वाटते. पण काय आहे — सांगून केलेला आवाज मला झेपतो. न सांगता केलेला झेपत नाही. काल तुम्ही चौकटीसाठी भिंत फोडत होतात ना, तेव्हा मी घरात होतो का? नव्हतो. चालत सुटलो होतो, पार वस्तीच्या बाहेर, ते मोकळं मैदान आहे ना तिथपर्यंत, आणि तिथेही मला तुमची छिन्नी ऐकू येत होती. इतक्या लांब येणार नाही हे मलाही कळतं हो. पण कानाला कोण समजावणार?

आता तुमचा प्रश्न. कालपासून तुमच्या तोंडावर आहे तो, विचारत नाही आहात एवढंच. घरातल्या आतल्या खोलीला एवढं जाड दार कशाला? पुढचं दार बघा, पापडासारखं पातळ, लाथ मारली तर माणूस सरळ आत — आणि इथे मात्र हे असं, भरीव लाकडाचं, वर कडी, खाली कडी, मध्ये आडवा अडणा. चोरासाठी नाही हो. चोराला काय मिळणार इथे, पोरीची लंगोटं? ज्याच्यासाठी हे दार चाललंय तो घरातच असतो. हा काय, चहा घेऊन उभा आहे तुमच्यापुढे. घ्या. नाही, बशीत नका ठेवू कप, हातातच धरा, बशीचा तो आवाज — हां. असा.

हो, माझ्यासाठीच. त्या आत, मी बाहेर. म्हणून तर म्हटलं कडी आतून, आणि तुम्ही दोनदा विचारलंत, आतूनच ना, चूक तर होत नाही ना माझी. चूक नाही. मेहुण्याची अट आहे. फोनवर म्हणाला, ‘तुझ्याच्यानं मोडणार नाही असं दार लाव, मग पाठवतो बहिणीला, नाहीतर नाव काढू नकोस.’ चांगला माणूस आहे, उगाच वाईट बोलायचं नाही. आणि तो म्हणतो ते खोटं नाही, त्याने माझे हात बघितलेत. तुम्हीही बघितलेत — मघाशी दार चौकटीत धरलं मी, एकट्याने, तेव्हा तुमचा चेहराच सांगत होता. घण मारून मारून झालेत हे असे. लोहारकामात होतो मी. मोठ्या कारखान्याच्या एका कोपऱ्यात आमची भट्टी होती, यंत्राने जमत नाही ते सगळं आमच्याकडे यायचं — साखळ्या, क्रेनचे आकडे, फाटकांचे खिळे. मिस्त्री आणि मी. मिस्त्रीच्या डाव्या हातात चिमटा, चिमट्यात लालभडक लोखंड, उजव्या हातात ही एवढीशी हातोडी. माझ्या हातात घण. आणि बोलायचं नाही. भाता एवढा ओरडत असतो की बोलून उपयोगच नाही, तर मिस्त्री काय करतो, हातोडीने ऐरणीवर टोला देतो, टक् — की मी घण घालायचा. टक्, धाड. टक्, धाड. थांबायचं असलं की मिस्त्री हातोडी ऐरणीवर आडवी टाकतो, मग घण नाही. एवढीच भाषा. बघायचंसुद्धा नाही, घण डोक्यावर असताना माणूस बघत नसतो, ऐकतो. त्या माणसाशी मी तोंडाने जेवढं बोललो असेन ते एका दुपारी बोलून संपेल, पण त्याचा टोला — तो मी झोपेत ओळखला असता. माझ्या बापाचं पाऊल मला ओळखू यायचं नाही, याचा टोला ओळखू यायचा.

शिटी तेव्हापासूनच होती कानात. ती सगळ्यांनाच असते हो आमच्यात, कामावरून सुटलं की वाजायची, सकाळपर्यंत जायची. मग सकाळी जाईना. मग वाढली. प्रेशर सोडलेल्या पाइपासारखी, बारीक, सरळ, डोक्याच्या या बाजूने आत आणि त्या बाजूने बाहेर, श्वास घ्यायलासुद्धा थांबत नाही. तिचीही सवय झाली असती, सवय कशाची होत नाही? पण नंतर ते दुसरं सुरू झालं. कानाच्या आत एक चिमुकला स्नायू असतो म्हणे, डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं, मोठा आवाज आला की तो आखडतो, कान वाचवतो. माझा बिघडला. कारण नसताना आखडतो. कधी नुसती फडफड, पाखरू अडकावं तशी — आणि कधी एकच, स्वच्छ, कोरडं — टक्.

बघा, तुमचा कप थांबला. कळलं तुम्हाला.

मिस्त्रीने हातोडी आडवी टाकली होती. चिमट्यातला नग निसटला होता म्हणून हाताने सरळ करायला गेला, जाड हातमोजा होता — आणि टक् झालं. माझ्या कानात. मी घातला घण. पूर्ण घातला, काका, डोक्यामागून. तुम्ही चहा पिताय, मी वर्णन करत नाही. तो हातमोजा नंतर काढताच येईना, एवढंच सांगतो. आणि मिस्त्री ओरडला नाही! बसला खाली, माझ्याकडे बघितलं आणि मला विचारतो, ‘मी दिला होता का रे टोला?’ त्याला वाटलं त्याच्याच हातून चुकलं. आणि मी म्हटलं, हो. दिला होतात.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. हिलाही नाही. तुम्ही गप्प बसता ना, म्हणून माणूस बोलत सुटतो. ती खालची बिजागरी कुरकुरतेय, तेल घाला तिला. घाला आधी तेल. मग बोलू.

हां. तर काम सुटलं, म्हणजे मीच सोडलं, मिस्त्रीचं तोंड बघवेना. घण तेवढा घरी आणला, पलंगाखाली आहे. मला वाटलं भट्टी सुटली, आता कान सुधारेल. उलट झालं. कारखान्यात धाड धाड आवाजात मी आरामात होतो हो, आणि घरात मला चमचा सहन होईना. चमचा! ताटाला लागला की इथे, दाढेच्या मुळाशी, सुई. प्लास्टिकची पिशवी चुरगळली की अंगावर कुणी तापलेली वाळू ओतली. खुर्ची सरकली, खुर्ची — मी एकदा खुर्चीच्या पायाला चावलोय, खोटं वाटेल तुम्हाला, खरोखर चावलोय, दात बघा. डॉक्टर म्हणाले, शांत खोलीत बसू नका, शांततेत शिटी वाढते, पंखा लावून ठेवा, पंख्याच्या आवाजात ती बुडते. बुडते, पण तिला पोहता येतं. आणि म्हणाले रागावर ताबा ठेवा. बरं म्हटलं. दवाखान्यातून बाहेर पडलो, खालच्या रस्त्यावर एक पोरगा मोटारसायकल घेऊन उभा, सायलेन्सर काढलेला, उगाच पीळ देतोय — भर्र, भर्र — मी त्याला कॉलरला धरून खाली ओढला. डोक्यावर हेल्मेट होतं त्याच्या, त्या हेल्मेटला दोन्ही हातांनी धरून मी ते रस्त्यावर आपटत होतो. डोकं आतच होतं. लोकांनी ओढून काढलं मला, चौघांनी. आणि गंमत बघा, घरी येऊन मी जेवलो आणि लहान मुलासारखा झोपलो. अशी झोप कित्येक महिन्यांत लागली नव्हती. नंतर भिंतीवरचं घड्याळ, नंतर मिक्सर, तो खिडकीतूनच टाकला, नंतर खालच्या मजल्यावरच्या बाईंचा रेडिओ. त्या बाई देवासारख्या आहेत, पोलिसात गेल्या नाहीत. आता मला जिन्यात बघितलं की भिंतीला चिकटतात.

आणि त्यात पोरगी झाली.

तुम्हाला नातवंडं आहेत? मग तुम्हाला सांगायला नको. गोड आहे हो. हसते तेव्हा आवाज करत नाही, नुसतं तोंड उघडते, माझ्यासाठीच असं हसते वाटतं. पण रडते तेव्हा — सांगून रडत नाही ना ती. तुम्ही ‘ठोकतो’ म्हणता, तिला कसं म्हणता येईल? बरी असते, पाय हलवत असते, आणि एकदम — आणि माझ्या कानातला तो स्नायू असा आखडतो, असा, मूठ आवळावी तसा, सुटतच नाही, आणि शिटी किंचाळायला लागते तिच्यावर चढून, दोघी मिळून, आणि मला वाटतं कुणीतरी माझ्या डोक्यात घण घालतंय आणि हातोडी आडवी टाकायला कुणी नाही. हिने काय काय केलं म्हणून सांगू. घरात अनवाणी चालायची. भांडी फडक्यात गुंडाळून ठेवायची, एकेक वाटी, कांद्यासारखी सोलून काढायची स्वयंपाकाला. माझ्याशी हातांनी बोलायची. पोरगी नुसती शिंकली ना, तर आई पोरीकडे बघते, होय की नाही? ही माझ्याकडे बघायची. ते मला — ते बघणं मला सहन होत नव्हतं. आवाज परवडला.

एकदा दुपारी लस टोचून आणली होती पोरीला. तापली होती, रडायची थांबत नव्हती. मी हिला म्हटलं, जा, कुठेही जा, लवकर. तर ही तिला घेऊन न्हाणीघरात शिरली, आतून कडी घातली, नळ सोडला. म्हणजे माझ्यासाठीच, आवाज दबावा म्हणून. मग काय — मग मी दार मोडलं. फडतूस दार होतं, फळकुटाचं. आत पडलं ते, हिच्या अंगावर, त्याने हिचं खांद्याचं हाड मोडलं. पोरीला काही लागलं नाही. देवाची कृपा. असं झालं ते. म्हणून मेहुणा दार दार करतोय. — का? न्हाणीघराकडे काय बघताय? नवीन बसवलं नंतर. मग? रंग जुना दिसतो? असेल, जुनं दारच आणून बसवलं असेल, मला काय आठवतंय सगळं. मघाशी हात धुवायला गेलात तेव्हा तपासून आलात की काय? सुतार पडलात, दार दिसलं की हात फिरवणारच. तो वरचा स्क्रू बघा, अर्धा राहिलाय.

झालं? बघू. वा! काका, तुम्हाला मानलं. हलतच नाही हो. खांदा लावून बघतो — अं हं. काडीइतकंही नाही. ऐका, आता एक करा, तेवढं झालं की तुम्ही मोकळे. तुम्ही आत जा. खोलीत, हो. दोन्ही कड्या लावा, अडणा टाका. आणि मी मोडायचा प्रयत्न करतो. अहो, तपासायला नको? तुम्ही खुर्ची केलीत तर आधी स्वतः बसून बघता ना. मी अर्धवट ताकद लावणार नाही, ते आधीच सांगतो. पलंगाखालून घण काढतो. घाबरू नका, मोडलंच तर मी थांबेन, तुमच्याशी काय वैर आहे माझं? तुम्ही माझी मुलगी नाही, रडणार नाही. फक्त एक — मी काहीही म्हटलं तरी उघडायचं नाही. शिव्या देईन, गोड बोलेन, काहीही. टॅक्सी खाली लागली, आल्या त्या, असं सांगितलं तरी नाही. मी ‘तपासून झालं’ म्हणेन, घण पुढच्या दाराबाहेर ठेवून येईन, मग. कबूल? जा. कड्या सावकाश लावा. लावतो म्हणा आणि लावा. — हां. दुसरी. — हां. अडणा. — हां.

ऐकू येतंय का काका? नका बोलू, बोलू नका, खोकलात तरी कळेल. चला. मी सांगून मारतो, तुम्हीही कान झाका. एक —

हं! बघितलंत? काही नाही. खळगा पडलाय बोटभर, बस. पुन्हा. हं! — हं! — हे बिजागरीवर, हं! — अरे, वाजतंय कसलं, भट्टीत वाजायचं तसं, भरीव, पोटातून — हं! आलं का काही तुमच्याकडे, भुसा पडला का? हं! मोड! मोड ना! रडतेस कशाला आत? हं! बाहेर ये, आधी बाहेर ये, गप्प कर तिला, नाहीतर मी करतो — हं! — हं!

थांबा. थांबा थांबा थांबा. काका. गेली. शिटी गेली! खरं सांगतो, काही नाही, काहीच नाही, पंखा नुसता पंख्यासारखा वाजतोय. खालून कुणीतरी भाजीचं विचारतंय. असं ऐकू यायचं मला, लहानपणी, असं स्वच्छ. अहो, हे असंच होतं दर वेळी. मारलं ना, की जाते. हेल्मेटच्या वेळी गेली, मिक्सरच्या वेळी गेली. डॉक्टरांना सांगितलं असतं तर ते काय म्हणाले असते, औषध म्हणून रोज एक माणूस? हसू येतंय मला. मी फोडतो ना वस्तू, ते रागाने फोडतो असं वाटतं सगळ्यांना. राग असतो, पण तो आधी. फोडताना कुठला राग, फोडताना मला इतकं — इतकं हलकं वाटतं. आणि मग परत यायला लागते ती, लांबून, बारीक, आणि मी घरात बघायला लागतो, काय उरलंय.

आली बघा. आली. एवढ्यात. आणि जास्त — आई गं — काका, ही जास्त आहे, ही कधीच एवढी — कान आखडला, सुटत नाही, सुटत नाही हा — मी बसतो खाली. घण ठेवला मी. ठेवला, आवाज आला ना तुम्हाला जमिनीवर? दाराला टेकून बसलोय. ओलं लागतंय काहीतरी, बोटाला, रक्त आहे का हे, कानातून येतंय. काका, दिसत नाही मला नीट. गरगरतंय. त्या खोलीत तांब्या आहे बघा, पोरीच्या पाळण्याशेजारी, पाण्याचा. घोटभर — घोटभर पाणी द्या हो. परीक्षा-बिरीक्षा राहू द्या, झालं, दार पास झालं. मी मरेन इथे आणि तुम्ही आत कडी लावून बसाल? काका. तुम्ही बापाच्या वयाचे. पाणी द्या ना.

…

उघडलंत.

मागे सरका. तिथेच थांबा, तांब्या खाली ठेवा, सावकाश. माझ्याकडे बघू नका, माझ्या हाताकडे बघा. घण. मी ठेवला होता ना? तुम्ही ऐकलंत. मग हा वर कसा आला, आणि मी उभा कधी राहिलो? तुम्ही सांगितलं नाहीत, काका. कड्या काढतो म्हणून सांगितलं नाहीत. एक कडी सरकली, खट्, न सांगता, इथे कानाशी — आणि बघा. तुम्ही अजून एक पाऊल टाकलं असतं ना पुढे, पाणी द्यायला. ठेवतो. हा ठेवला, हा पायाने लांब सारला, आता तो तिकडे.

नाही, पाणी खरंच हवं होतं मला. तेच तर सांगतोय. खोटं बोलत नव्हतो, एक शब्द खोटा नव्हता त्यातला, म्हणून तर तुम्ही उघडलंत. हिनेही उघडलं.

ते न्हाणीघराचं दार पडलं नाही. तुम्ही ओळखलंच होतंत, त्याला ओरखडासुद्धा नाही. मी हात लावला नाही त्याला. मी असाच बाहेर बसलो, आणि म्हटलं, झालं गं, गेलं आता, ये बाहेर, पोरीला दे माझ्याकडे, तू दमलीस. आणि मला खरंच घ्यायचं होतं पोरीला. ही हसत बाहेर आली, डोळे पुसत. कडी वाजली. मी मूठ मारली. हिच्या या खांद्यावर बसली. पोरगी दुसऱ्या खांद्यावर होती. आणि दोघी ओरडत होत्या, हिचं तोंड उघडं, पोरीचं तोंड उघडं, आणि मला काही ऐकू येत नव्हतं. इतकं शांत होतं काका. मला इतकं बरं वाटलं. मी हिच्याकडे बघून हसलो असेन. हिने भावाला दाराचं सांगितलं, पडलं म्हणून, माझ्यासाठी खोटं सांगितलं. आणि आज परत येतेय, का, तर मी फोनवर म्हटलं, ये.

दारात खोट नाही हो. दार एक नंबर झालंय. मी जन्मभर मारत बसलो तरी पडायचं नाही ते. पण ती उघडेल. मी कण्हलो तर उघडेल, काका, मी नुसता खोकलो तरी उघडेल, तिला तसंच करता येतं, दुसरं येतच नाही तिला.

पिशवी घ्या तुमची. हत्यारं राहू द्या, नंतर न्या. वेळ किती झाली, येतीलच त्या, आता तुम्ही खाली जाऊन थांबा, कोपऱ्यावर, टॅक्सी वळते तिथे. मी येत नाही, मी आलो तर ती उतरेल. निळी शाल असेल, कडेवर पोरगी, एक हात गळ्यात बांधलेला. त्यांना उतरू देऊ नका. ड्रायव्हरला म्हणावं, आलास तसा परत ने. ती विचारेल कसे आहेत, जेवतात का — बरे आहेत म्हणा. कान कसा आहे विचारेल — विचारेलच ती — बरा आहे म्हणा, पण दार झालं नाही. लाकूड आलं नाही म्हणा, अजून खूप दिवस लागतील म्हणा, तुम्ही सुतार आहात, तुमच्यावर विश्वास ठेवेल ती. पोरीच्या अंगाला — नाही, काही नाही. एवढंच सांगा, दार झालं नाही. जा ना आता. अहो बघता काय, पळा!